धनेशाची अर्धी म्हण

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात एक तरुण धनेश राहत असे. मुलांनो, धनेश पक्षी तुम्ही कदाचित पाहिला नसेल. केळ्यासारखी वाकडी पिवळी चोच, तिच्यावर टोपी घातल्यासारखे आणखी एक शिंग, आणि पंखांचा असा घरघराट की पक्षी दिसण्याआधी आवाजच येऊन पोचतो. ओरडण्याचे तर विचारूच नका. हा या डोंगरावर ओरडला की पलीकडच्या डोंगरावरची वानरे मान वळवून बघत. असा हा देखणा, दांडगा पक्षी होता, आणि आपण देखणे व दांडगे आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते.

पण तो नुसताच गर्विष्ठ होता असे म्हटले तर त्याच्यावर अन्याय होईल. तो मोठा दिलदार होता. वडाला फळे आली की स्वतः खाण्याआधी तो चार घोस खाली भेकरांसाठी टाकी. शेजारच्या झाडावर एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे रानातली मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार. एकदा त्या शेकराचा पाय मुरगळला, तेव्हा धनेशाने त्याला बरेच दिवस फळे आणून दिली. शेकरू बरे झाले आणि एके दिवशी पिकलेल्या फणसाचा एक मोठा गरा तोंडात धरून, दोन झाडे ओलांडून, धनेशाकडे आले. धनेशाने गऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो म्हणाला, "ठेव तुलाच. आमच्यात घ्यायची पद्धत नाही." शेकरू गरा घेऊन परत गेले. तेव्हापासून ते धनेशाच्या झाडाजवळून जाताना मान खाली घालून जाई. धनेशाला वाटे, केवढा मान देते हे आपल्याला.

ही "आमच्यात" म्हणजे काय भानगड, तेही सांगतो. धनेशांमध्ये एक जुनी म्हण होती : "देते, ती धनेशाची चोच." पोरगे उडायला लागले की बाप त्याला ही म्हण शिकवी, आणि पोरगे ती छाती फुगवून जन्मभर म्हणत राही. द्यायचे ते धनेशाने, मागायचे ते इतरांनी. कुठल्याही धनेशाने कधी कुणाकडे काही मागितले, असे त्या रानात कुणाच्या ऐकिवात नव्हते.

त्या रानात एक पाणवठा होता. संध्याकाळी सगळी म्हातारी जनावरे तिथे जमत, आणि पाणी पिऊन झाले की त्यांचा एकच विषय निघे : तरुणपणी कळले असते तर. म्हातारा सांबर म्हणे, शिंगे झाडावर घासण्यात इतका वेळ घालवायला नको होता. म्हातारी साळुंकी म्हणे, सगळ्यांच्या भांडणात पडायला नको होते. कासव मात्र यात कधी तोंड घालत नसे. त्याला वाटे, आपले तरुणपण अजून चालूच आहे. आणि त्या तरुण धनेशाचा बाप, म्हातारा धनेश, रोज एकच वाक्य म्हणे, "मला तरुणपणी हाक मारायला शिकायला हवं होतं." हे ऐकून तरुण पोरे फांद्यांवर लोळून हसत. ज्याची हाक दोन डोंगर ओलांडून जाते, तो म्हणतो हाक मारायला शिकायचे राहिले. म्हातारपणी बुद्धी नाठी होते ती अशी, असे ती एकमेकांना सांगत.

त्या म्हाताऱ्याचा डावा पंख कायम खाली लोंबत असे. दरी ओलांडणे त्याच्याने आता होत नसे. मुलाला बापाच्या त्या पंखाचा भारी अभिमान होता. तो सगळ्यांना सांगे, की बाबांनी एकट्याने घर पोसले, त्याची ही निशाणी आहे. बाप तेवढ्यात विषय बदली.

पुढे तरुण धनेशाची घर मांडण्याची वेळ आली. धनेशांचे घर म्हणजे मोठी गमतीची आणि मोठ्या जोखमीची गोष्ट आहे, मुलांनो. उंच झाडाच्या ढोलीत मादी आत जाते आणि मातीने, चिखलाने आतून दार लिंपून घेते. उरते ती एक चीर, जिच्यातून फक्त चोचीचे टोक बाहेर येईल. आत बसून ती अंडी घालते, आणि त्याच काळात तिची मोठी पिसे झडून जातात. म्हणजे तिला उडता येत नाही, बाहेर पडता येत नाही. ती आणि तिची पिल्ले जगतात ती नर आणून देईल त्या फळांवर. तो आला तर जेवण, नाही आला तर उपास.

दाराला माती लागायच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा धनेश फांदी फांदीने मुलाकडे आला. त्याने सुचवले, की उद्या दार बंद होण्याआधी शेजारीपाजारी एकदा जाऊन ये, वानरांना भेट, शेकराला भेट, अडीअडचणीला लक्ष ठेवा म्हणून सांगून ठेव. मुलाला हे अपमानासारखे वाटले. "बाबा, हे तुम्ही सांगता?" तो म्हणाला. "एका पंखावर घर पोसलंत तुम्ही, आणि मी दोन धडधाकट पंख असताना वानरांच्या दारात जाऊ?"

म्हातारा आपल्या लोंबत्या पंखाकडे वळला. मग म्हणाला, "हा पंख घर पोसल्यानं गेला नाही. तो दुखावला तेव्हा चार दिवस टेकलो असतो, कुणाला तरी म्हणालो असतो की एवढी फळं आणून द्या, तर आज मी दरी ओलांडत असतो. तू ज्याला निशाणी म्हणतोस ना, तो माझा आडमुठेपणा आहे."

मुलाला ते पटले नाही. बाप थकला आहे, म्हणून असे बोलतो, असे त्याने मनाशी ठरवले. दुसऱ्या दिवशी दार लिंपून झाले आणि तो मोठ्या दिमाखात कामाला लागला.

आणि खरेच, त्याच्यासारखा धनी साऱ्या रानात नव्हता. पलीकडच्या डोंगरावर नांद्रुकाचे एक झाड फळांनी लगडले होते. पहाटे तो दरी ओलांडी, गळ्यात फळे भरून आणी, आणि एकेक फळ चोचीच्या टोकावर आणून चिरेतून आत देई. येताना अशी हाक देई की सगळ्या रानाला कळे, धनेशाच्या घरी आज पुन्हा जेवण आले. आतून धनेशीण चोच पुढे करी आणि फळ घेई. काही दिवसांनी आतून बारीक चिवचिव ऐकू येऊ लागली. दोन पिल्ले झाली होती. त्या दिवशी धनेशाने इतक्या हाका दिल्या की म्हाताऱ्या सांबराने कान हलवून विचारले, हा आता झोपू देणार आहे की नाही.

त्याच झाडाच्या बुंध्याशी एक घोरपड येऊन बसू लागली होती. ती काही करत नसे, नुसती उन्हात पडून वर चिरेकडे बघत बसे. दार फुटले तर आपली पोटपूजा झाली, एवढा साधा हिशेब तिचा होता. धनेश तिच्याकडे तुच्छतेने बघे आणि उडून जाई.

एका दुपारी वाऱ्याचा जोर होता. शहाण्या पक्ष्याने अशा वेळी थांबावे. पण थांबलो तर रान म्हणेल, धनेश वाऱ्याला भ्यायला. म्हणून तो निघाला, आणि परत येताना वाऱ्याच्या एका झोताने त्याला ऐनाच्या एका वाळलेल्या झाडाच्या फांद्यांवर फेकले. उजव्या पंखाची मोठी पिसे मोडली आणि सांधा सुजला. गळ्यातली फळे मात्र त्याने सांडू दिली नाहीत. तो फांदी फांदीने उड्या मारत घरापर्यंत आला, ती फळे आत दिली, आणि बाहेरच्या फांदीवर बसून त्याने पंख उघडून पाहिला. पंख अर्ध्यापर्यंतच उघडत होता.

दरी आता त्याच्यासाठी बंद झाली. अलीकडच्या डोंगरावरच्या वडाची फळे कधीच संपली होती. पण त्याने कुणाला एक शब्द सांगितला नाही. हाक देणे तेवढे त्याने थांबवले. जवळपासच्या झाडांवर उड्या मारत तो मिळेल ते वेची आणि सगळेच्या सगळे आत देई. स्वतः तो जवळजवळ काहीच खात नव्हता. म्हातारा बाप चोचीत दोन किडे धरून आला, तर हा म्हणाला, माझे पोट भरलेले आहे. बाप ते किडे फांदीवर ठेवून गेला. किडेही चिरेतून आत गेले.

बाहेर काय चालले आहे ते आत बसलेल्या धनेशिणीला दिसत नव्हते. तिला दिसे फक्त चिरेतून येणारी चोच आणि चोचीतले फळ. आधी नांद्रुकाची गोड फळे येत होती. मग सुरकुतलेली उंबरे येऊ लागली. मग एके दिवशी करवंदे आली, आणि त्यातल्या दोन-तीन करवंदांना माती लागलेली होती. धनेशिणीने करवंद तोंडात घेतले नाही.

"अहो," ती आतून म्हणाली, "करवंदाची जाळी जमिनीवर असते. तुम्ही चालत जाऊन आणलीत ना ही?"

धनेश म्हणाला, की पिल्लांना चवीत बदल हवा म्हणून आणली. धनेशिणीने विचारले, मग हाक का देत नाही हल्ली? तो म्हणाला, घसा बसला आहे. आत पिल्ले ओरडत होती. त्यातले एक जोरात ओरडत होते आणि दुसरे आता अगदी हळू. धनेशालाही ते ऐकू येत होते.

शेवटी धनेशीण म्हणाली, की बाहेरचे तुम्हाला झेपत नसेल तर मी दार फोडते. धनेशाने खाली पाहिले. घोरपड आज बुंध्यावर थोडी वर चढून बसली होती. आतल्या माउलीच्या अंगावर उडण्याजोगे एक पीस नव्हते. तो घाबरून म्हणाला, की दार फोडू नकोस, मी काहीतरी करतो. ती म्हणाली, की मग रानाला हाक मारा.

"ते माझ्याच्यानं होणार नाही," धनेश म्हणाला. "मागितलं तर मी कशाचा धनेश राहिलो? देते, ती धनेशाची चोच."

 मग धनेशिणीने चोचीचे टोक चिरेबाहेर काढले, जेवढे निघत होते तेवढे.

"दार बंद झाल्यापासून ही चोच मी तुमच्यापुढे करते आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला कधी लहान वाटले?"

 खरे सांगायचे तर साऱ्या रानात धनेशाला तिच्याइतके मोठे कुणी वाटत नव्हते. अंधारात कोंडून घेऊन, अंगावरची पिसे टाकून, दुसऱ्याच्या भरवशावर जीव ठेवायला केवढी छाती लागते, हे त्याने रोज पाहिले होते.

"आणि ती म्हण तुम्ही अर्धीच म्हणता," धनेशीण पुढे म्हणाली. "सगळे नर अर्धीच म्हणतात. पुरी म्हण आम्ही ढोलीत पिल्लांना ऐकवतो. तुम्हीही ऐकली असेल, पण बाहेरच्या उजेडात पुढचा भाग तेवढा लक्षात राहिला. आधी मागते, मग देते, ती धनेशाची चोच. डोळे उघडायच्या आधी आपण चोच उघडतो. मागितल्याशिवाय एक तरी धनेश मोठा झालाय का?"

आत ते हळू आवाजाचे पिल्लू पुन्हा ओरडले. धनेश ऐकत राहिला. ते पिल्लू लाजत नव्हते. भूक लागली होती, म्हणून मागत होते, एवढेच. आपणही याच आवाजात कधीतरी ओरडलो असू, आणि या लोंबत्या पंखाच्या बापाने धावत येऊन चोचीत फळ दिले असेल, हे त्याच्या मनात आले आणि त्याला रडू आले.

तो उड्या मारत झाडाच्या शेंड्यावर गेला आणि त्याने हाक दिली. तीच ती दोन डोंगर ओलांडणारी हाक. गंमत अशी झाली, की कुणीच आले नाही. रानाला वाटले, झाली याची बढाई पुन्हा सुरू. आता नुसते ओरडून भागणार नव्हते. शब्द बोलावे लागणार होते. धनेशाने डोळे मिटले.

"माझा पंख मोडलाय," तो म्हणाला. "माझी पिल्लं उपाशी आहेत. मला मदत करा."

 पाणवठ्यावर म्हाताऱ्या धनेशाने मान वर केली. असा आवाज त्या डोंगरावर आजवर कुणी ऐकला नव्हता. आणि मग शेजारच्या झाडावर फांदी हलली.

सगळ्यांत आधी आले ते शेकरू. तोंडात फणसाचे दोन गरे होते. ते धनेशासमोर बसले, एक गरा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "धनेशराव, आता तरी घ्या. तुम्ही घेतलं नाहीत म्हणून मला तुमच्या झाडाखालून मान वर करून जाता येईना."

धनेशाला तेव्हा कळले, की ज्याला तो मान समजत होता ते ओझे होते. त्याने चोच उघडली आणि गरा घेतला. तो आत नेऊन द्यायला वळला, तर शेकराने दुसरा पुढे केला आणि ते म्हणाले, तो त्यांना, हा तुम्हाला. आधी तुम्ही खा, नाहीतर वरून पडाल आणि घोरपडीचे काम सोपे कराल. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या धनेशाने तो गरा तिथेच खाल्ला.

मागोमाग वानरांची टोळी आली. टोळीची म्हातारी वानरीण मोठी फटकळ होती. ती म्हणाली, "एवढंसं सांगायला इतके दिवस लावलेत? आमची पोरं उगीच फांद्या मोडत हिंडतात. त्यांना काम तरी मिळेल." वानरांची पोरे दरीतून पलीकडे गेली आणि नांद्रुकाच्या फळांनी भरलेल्या डहाळ्या ओढत घेऊन आली. भेकरांनी खाली राहून करवंदाच्या जाळ्या दाखवल्या. इतकी वानरे झाडावर खालीवर नाचू लागलेली पाहून घोरपड उतरली आणि दुसरीकडे कुठेतरी ऊन शोधायला गेली. चिरेतून आत फळ द्यायचे काम मात्र धनेशाचेच राहिले. इतरांनी आणायचे, त्याने चोच उघडून घ्यायचे आणि आत पोचवायचे. आपली चोच आता दोन्ही कामे करते आहे, हे बघून त्याला पहिल्यांदा थोडे चमत्कारिक वाटले, मग त्याची सवय झाली, आणि मग त्याचा अभिमान वाटू लागला.

पंखाला विश्रांती मिळाली. मोडक्या पिसांच्या जागी हळूहळू नवी पिसे आली. जांभळे पिकायच्या सुमारास तो पुन्हा दरी ओलांडू लागला. पहिल्याच फेरीत त्याने पलीकडून फळे आणली ती शेकराच्या झाडावर नेऊन ठेवली. शेकराने ती घेतली, आणि मान वर ठेवून घेतली.

मग एका सकाळी आतून चोचींचे घाव बसू लागले आणि वाळलेली माती खाली पडू लागली. आधी धनेशीण बाहेर आली, नव्या पिसांची, उन्हाने डोळे बारीक केलेली. तिच्यामागून एक पिल्लू, आणि त्याच्यामागून दुसरे. जे हळू ओरडत होते तेच ते. सगळे रान बघायला जमले होते. पहिले पिल्लू उडून पलीकडच्या फांदीवर गेले. दुसऱ्याने पंख पसरले, खाली पाहिले, पुन्हा मिटले आणि भर सभेत, अजिबात न लाजता ओरडले, "बाबा, मला जमत नाही. इकडे या."

धनेश गेला आणि त्याच्या शेजारी बसला. दोघे एकदमच उडाले. पिल्लू धडपडत का होईना, फांदीवर पोचले. तिथे म्हातारा धनेश बसला होता. त्याने नातवाकडे पाहिले, आणि आपला लोंबता पंख सावरून तो इतका ताठ बसला की त्याला तसे ताठ बसलेले त्या रानाने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. जे शिकायला आपले तरुणपण गेले आणि मुलाचा पंख मोडला, ते या पोराने पहिल्या उड्डाणाच्या आधीच करून दाखवले, याचा त्याला कोण अभिमान वाटला.

त्या संध्याकाळी पाणवठ्यावर पुन्हा तोच विषय निघाला. सांबराने शिंगांचे सांगितले, साळुंकीने भांडणांचे. मग सगळे म्हाताऱ्या धनेशाकडे वळले, कारण आता त्याची पाळी होती. म्हातारा म्हणाला, "माझं राहू द्या. आमच्या घरातलं ते वाक्य आता संपलं." आणि तो नातवाला पुरी म्हण म्हणून दाखवायला सांगू लागला. नातवाने म्हण म्हटली, आणि म्हणता म्हणता कासवाच्या पुढ्यातले एक फळ मागून घेतले.

तात्पर्य : मागायची लाज म्हणजे स्वाभिमान नव्हे. ज्याला अडचणीत मोकळ्या गळ्याने हाक मारता येते, तोच पुढे ताठ मानेने दुसऱ्याच्या हाकेला धावतो. आणि हे पंख मोडण्याआधी शिकलेले बरे.